औंधच्या बाळासाहेबांचा नित्यनेम

संस्थानिक म्हटला की शिकारीची छायाचित्रे, पोलोचे घोडे, युरोपातील हॉटेले आणि कर्जात बुडालेला खजिना असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ब्रिटिश अमदानीतील अनेक राजेरजवाड्यांनी ते इमानेइतबारे खरेही करून दाखवले. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव मात्र अगदी वेगळ्या कारणाने देशाच्या सीमेपलीकडे गेले. या राजाने वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर एक व्यायाम हाती घेतला आणि तो सोडला नाही. तो व्यायाम होता सूर्यनमस्कार.

नमस्कार ही काही बाळासाहेबांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात नमस्कार घालण्याची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांच्या नित्यक्रमात नमस्कारांची मोठी संख्या होती, असे परंपरा मानते. आखाड्यांत, वेदपाठशाळांत आणि घरोघरच्या देवघरांसमोर कोणी व्रत म्हणून, कोणी नवस म्हणून, तर कोणी अंग कमवण्यासाठी नमस्कार घालीत असे. बाळासाहेबांनी केले ते एवढेच, की या विखुरलेल्या आचाराला व्यायामाची शिस्त दिली, त्याचे पुस्तक केले आणि आपल्या राज्यातील शाळांत तो नेऊन ठेवला. तत्पूर्वी त्यांनी स्वतःच्या शरीरावर तो तपासून पाहिला होता आणि त्याआधीची दहा वर्षे दुसऱ्याच एका गुरूच्या मागे घालवली होती. ही दहा वर्षे त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत आटोपली जातात. वास्तविक सारे मर्म तेथेच आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पंतप्रतिनिधींचे घराणे किन्हईच्या परशुराम त्रिंबकांपासूनचे. छत्रपती राजारामांच्या काळात या घराण्याला प्रतिनिधिपद मिळाले आणि पुढे मराठी राज्यातील मातब्बर घराण्यांत त्याची गणना झाली. बाळासाहेबांच्या वेळेपर्यंत त्या वैभवाचे उरले होते ते एक लहानसे संस्थान. अवघी ७२ गावे, तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशच्या कोरड्या मुलखात आणि गुणदाळ थेट विजापुराकडे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. श्रीमंत ही पदवी होती, खजिन्याचे वर्णन नव्हे.

श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव. थोरले बंधू असल्यामुळे गादी आपल्याकडे येईल असे समजण्याचे बाळासाहेबांना कारण नव्हते. त्यांचे शिक्षण साताऱ्यास व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. १८९४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले आणि पुढील वर्षापासून वडिलांच्या कारभारात चिटणिशीचे काम पाहू लागले. संस्कृतची आवड, चित्रकलेचा हात, कीर्तनाची गोडी अशी या तरुणाची बैठक होती. अशा माणसाच्या अंगावर बैठ्या कामाचे परिणाम फार लवकर दिसू लागतात, हे कचेरीत बसणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

त्या काळात जगभर एका नावाचा डंका वाजत होता. युजिन सँडो हा मूळचा प्रशियातील कोनिग्सबर्गचा. १८६७ चा जन्म, म्हणजे बाळासाहेबांहून जेमतेम दीड वर्षाने मोठा. पिळदार देहाचे प्रदर्शन मांडून त्याने लंडन-न्यूयॉर्कची नाट्यगृहे भरवली आणि नंतर त्याच देहाचा व्यवसाय केला. डंबेल्स, स्प्रिंगा, रबरी दोऱ्यांची साधने, टपालाने शिकवण्या आणि पुस्तके, सारे त्याच्या नावाने विकले जाई. शरीर ही जन्मतः पदरात पडणारी वस्तू नसून रोज थोडे थोडे करून घडवता येणारी गोष्ट आहे, हा विचार त्याने सामान्य कारकुनाच्या गळी उतरवला. हिंदुस्थानातही त्याचे अनुयायी पुष्कळ होते. १९०४-०५ मध्ये त्याने येथे दौरा केला, तेव्हा त्याचे खेळ पाहण्यास गर्दी लोटली.

बाळासाहेब या अनुयायांत आधीपासूनच होते. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची साधने व पुस्तक मागवले आणि पुढील सुमारे दहा वर्षे त्याबरहुकूम नेमाने व्यायाम केला. दहा वर्षे हा शब्द सहज लिहिला जातो. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आखाड्याची वर्गणी भरणारे आणि चौथ्या आठवड्यात वाट विसरणारे लोक सर्व काळात सारखेच असतात. राजवाड्यात तर व्यायाम टाळावयाला सबबी मागण्याचीही गरज पडत नाही. विचारणार कोण? अशा ठिकाणी एका तरुण सरदारपुत्राने दशकभर डंबेल्स उचलावेत, यावरून एवढे निश्चित दिसते की या गृहस्थाला शिस्त कोणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. ती त्याच्या ठायी होतीच. प्रश्न होता तो ही शिस्त कशासाठी वापरावयाची, याचा.

यातून १९०८ मध्ये वळण आले. मिरजेचे अधिपती पटवर्धन हे बाळासाहेबांचे स्नेही. त्यांनी सँडोचा मार्ग सोडून सूर्यनमस्कार घालण्याचा सल्ला दिला. बाळासाहेब तेव्हा चाळिशीला पोहोचत होते. हा सल्ला त्यांनी मानला आणि नंतर मागे वळून पाहिले नाही.

हा बदल त्यांना का पटला असेल, याचा विचार त्यांच्या पुढील लेखनावरून व आचरणावरून करता येतो. सँडोच्या पद्धतीत साधने लागतात. प्रवासात, दौऱ्यावर, आजारपणातून उठल्यावर, पाहुण्यांनी वाडा भरलेला असताना साधने बाजूला पडतात आणि त्यांच्याबरोबर व्यायामही. नमस्काराला हातभर रुंद आणि देहभर लांब जागा पुरते. दुसरे असे की सँडोचा व्यायाम हा एकट्याचा, आरशापुढचा व्यायाम आहे. प्रत्येक स्नायू वेगळा घ्यावयाचा, पाहावयाचा, मोजावयाचा. ज्याला स्वतःच्या दंडाचे फार दिवस कौतुक वाटत नाही, त्याला त्यात रस टिकवणे अवघड. बाळासाहेब कीर्तनकार होते, देवीभक्त होते. औंधच्या डोंगरावरील यमाई हे त्यांचे कुलदैवत. पहाटे उठून सूर्याच्या नावाने भूमीला अंग टेकवणे ही त्यांच्या दृष्टीने कसरत नव्हतीच. पूजा चुकवावयाची नाही हा संस्कार घरात मुरलेला होता. व्यायाम त्या संस्काराच्या पाठीवर बसला आणि आपोआप नित्याचा झाला.

नमस्काराची औंधची रीत दहा अवस्थांची. हात जोडून ताठ उभे राहावयाचे, गुडघे न वाकवता खाली वाकून तळवे जमिनीला टेकावयाचे, एक पाय मागे न्यावयाचा, दुसराही मागे नेऊन कंबर वर उचलावयाची, मग साष्टांग, त्यानंतर छाती पुढे काढून मान मागे, आणि पुन्हा त्याच पायऱ्यांनी उलट येत उभे राहावयाचे. तळवे एकदा जमिनीवर टेकले की शेवटपर्यंत हलवावयाचे नाहीत, हा या रीतीतला बारकावा. आज शाळांतून व वर्गांतून सामान्यतः शिकवला जातो तो नमस्कार बारा अवस्थांचा, हात डोक्यावर नेऊन मागे झुकण्याचा. बाळासाहेबांच्या पद्धतीत ते मागे झुकणे नाही.

प्रत्येक नमस्काराला मंत्र. ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरे आणि मित्र, रवि, सूर्य, भानु अशी सूर्याची बारा नावे. त्यांची जुळणी अशी केलेली आहे की आधी एकेक नाव, मग दोन दोन, मग चार चार आणि अखेर बाराही नावे एकत्र येतात. हे आवर्तन पंचविसाव्या नमस्काराला पुरे होते. परंपरेने हे कोणत्या हेतूने रचले ते असो. परंतु व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी हुशारीची मांडणी आहे. शंभर आकडे मोजणे कंटाळवाणे असते. पंचविसांचे एक आवर्तन, दुसरे आवर्तन, तिसरे आवर्तन असे म्हटले की मन एकेका टप्प्यावर टेकते आणि पुढे जाते. शिवाय अर्धवट आवर्तन सोडणे जिवावर येते. मंत्र मोठ्याने म्हणण्यावर बाळासाहेबांचा भर होता. स्वर खणखणीत निघाला की श्वास खोल जातो आणि आतील इंद्रियांनाही व्यायाम होतो, असे त्यांचे मत. बीजाक्षरांच्या गुणांविषयी त्यांनी जे जे प्रतिपादन केले ते सारेच आजच्या वैद्यकाला मान्य होईल असे नाही. मात्र मोठ्याने मंत्र म्हणणारा माणूस धाप लागेपर्यंत घाई करू शकत नाही, एवढे कोणीही करून पाहावे.

नमस्कार सुरू केल्यानंतर वर्षभरातच बाळासाहेबांच्या आयुष्याने कलाटणी घेतली. वडील १९०१ मध्ये निवर्तले होते. थोरले बंधू गादीवर आले, तेही १९०५ मध्ये गेले. त्यांच्या मागून आलेल्या पुतण्याला ब्रिटिश सरकारने पदच्युत केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. ज्या दैनंदिनीत सकाळची घटका आपली म्हणून राखता येत होती, तिच्यावर आता ७२ गावांचा हक्क लागला. अशा वेळी पहिला बळी जातो तो व्यायामाचाच. येथे उलट झाले. बाळासाहेबांनी स्वतःचा नेम राज्याला लावला.

त्यांच्या कारकिर्दीची इतर कामे थोडक्यात सांगावयाची तरी यादी लांबते. बेळगावात जागा गमावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळची जमीन दिली आणि निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांची देणगी त्यांनी जाहीर केली. रामायणावरील चित्रे स्वतः काढून ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय एवढ्या लहान गावात एवढा संग्रह पाहून आलेल्या माणसाला चकित करते. या साऱ्या धबडग्यात त्यांचा सर्वांत लाडका विषय विचाराल तर तो नमस्कार हाच.

औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार आवश्यक झाले. मुलांना आणि मुलींनाही. मुलींच्या व्यायामाचा विचारही जेथे अनेक घरांत चमत्कारिक वाटे, त्या काळातील ही गोष्ट आहे. स्वतःच्या कुटुंबापासून त्यांनी आरंभ केला होता. राणीसाहेब व मुले नमस्कार घालीत. आठ-दहा वर्षांच्या मुलाने किती घालावेत, सोळाव्या वर्षी किती, प्रौढांनी किती, याची चढती संख्या त्यांनी ठरवून दिली. एकदम शंभरावर उडी मारण्यास त्यांचा विरोध होता. थोड्यापासून आरंभ, हळूहळू वाढ आणि खंड नाही, ही त्यांची त्रिसूत्री. जोडीला आहाराचे नियम होते. चहा, तंबाखू आणि मद्य यांवर त्यांचा रोष होता.

हे सारे राजाज्ञेने. येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या माणसाला स्वतःची प्रेरणा स्वतःला गवसली, त्याने ती दुसऱ्यावर हुकुमाने लादावी यात एक विसंगती आहे. सक्तीने घातलेला नमस्कार हा शेवटी कवायतच होतो आणि सक्ती उठली की विरून जातो. बाळासाहेबांचे चाहते या प्रश्नाला बगल देतात. त्यांच्या बाजूने म्हणता येईल ते इतकेच, की आपण जे करीत नाही ते करा असे त्यांनी प्रजेला सांगितले नाही. राजा स्वतः नमस्कार घालून दाखवीत असे. मूकपटांच्या काळात नमस्कारांची चित्रफीत निघाली, तिच्यातही प्रात्यक्षिक करताना ते स्वतः दिसतात. साठीच्या आसपासचा राजा, उघड्या अंगाने, एकामागून एक अवस्था करीत आहे. चेहऱ्यावर ना संकोच ना मिरवण्याचा भाव. एक गोष्ट आणखी लक्षात घेण्यासारखी आहे. ७२ गावांना सांगून बसलेल्या राजाला स्वतः अंथरुणात पडून राहण्याची सोय उरत नाही. प्रजेवर घातलेले बंधन थोडेफार त्यांच्यावरही उलटले असणार आणि ते त्यांना हवेच असावे.

बाळासाहेब या कामी एकटे नव्हते. स्वदेशीच्या वाऱ्याबरोबर महाराष्ट्रात शरीरसंवर्धनाचेही वारे वाहू लागले होते. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. औंधमध्येच पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे वास्तव्य होते. वेदांचे भाष्यकार, मूळचे चित्रकार आणि व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते असे हे गृहस्थ बाळासाहेबांच्या आश्रयाने औंधला राहिले व त्यांचे स्वाध्याय मंडळ तेथून चालले. सूर्यनमस्कारांवर त्यांनीही लिहिले. १८६७ मध्ये जन्मलेले पंडितजी १९६८ मध्ये वारले. राजा आणि पंडित यांच्या भेटीत वेद आणि चित्रे यांच्याबरोबरीने नमस्कारांचा विषय निघत नसेल, असे मानणे कठीण आहे.

बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांवरील पुस्तक १९२८ च्या सुमारास इंग्रजीत आले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्राच्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. समोर बसलेला राजा सदुसष्ट वर्षांचा होता आणि तसा दिसत नव्हता. लंडनच्या वाचकांना हिंदुस्थानी राजाकडून हिरे-माणकांच्या कथा अपेक्षित असत. येथे एक राजा रोज पहाटे जमिनीवर अंग टेकवण्याची गोष्ट सांगत होता. त्या ओळखीतून १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. संपादन मॉर्गनबाईंचेच. देवघरातील नमस्कार इंग्रजी दिवाणखान्यात गेला तो दहा अवस्थांची आरोग्यपद्धती होऊन. पूजेचा भाग मागे सरला, शरीराचा पुढे आला. ज्या सँडोने तिकडून इकडे पुस्तके व स्प्रिंगा पाठवल्या, त्याच्या एका शिष्याने चाळीस वर्षांनी तिकडे पाठवलेली ही परतफेड म्हणावी. सँडो स्वतः मात्र ती पाहावयास नव्हता; १९२५ मध्ये, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो वारला होता.

त्याच वर्षी बाळासाहेबांनी असे काही केले, की ज्यापुढे नमस्कारांची सक्ती अगदीच किरकोळ वाटावी. वयाच्या सत्तरीत त्यांनी राज्याचे अधिकार प्रजेला देण्याचे जाहीर केले. मॉरिस फ्रिडमन हा पोलिश अभियंता आणि चिरंजीव अप्पासाहेब पंत यांचा यात पुढाकार होता; घटनेचा आराखडा महात्मा गांधींच्या सल्ल्याने ठरला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. ग्रामपंचायतींवर उभारलेले हे स्वराज्य होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत याच काळातली, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे बीज तेथले. हुकूम देण्याची सवय असलेल्या राजाने हुकूम देण्याचा अधिकारच सोडला. आता शाळेत नमस्कार घालावयाचा की नाही, हे ठरवण्याचा हक्कही तत्त्वतः लोकांकडे गेला.

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ त्याच वर्षी गुजरातेत पारडीला हलले. बाळासाहेबांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी झाले.

अप्पासाहेबांनी पुढे परराष्ट्र सेवेत नाव मिळवले. पूर्व आफ्रिकेपासून सुरू झालेली त्यांची नोकरी त्यांना १९६९ मध्ये हिंदुस्थानचे उच्चायुक्त म्हणून लंडनला घेऊन गेली. वाड्यात वडिलांच्या शेजारी उभे राहून लहानपणी जे शिकले, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नावही ‘सूर्यनमस्कार’ असेच आहे.